चादरीचं चौथं टोक

४ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

नाक मुरडू नकोस. तुला हे नाव आवडत नाही म्हणूनच मला आवडतं. आणि 'पत्र कशाला, फोनला काय झालं' असंही म्हणू नकोस. लॉन्ड्रीत फोन गेटवरच्या खोक्यात जमा करावा लागतो आणि घरी तुझा दादा समोर बसलेला असतो. आमची खोली केवढी ते तू पाहिलं आहेस, कुजबुजलं तरी त्याला ऐकू जातं. यातलं काही त्याच्या कानावर जायला नको आहे. गेलं तर तो दोनच वाक्यं बोलेल, 'आहे ती नोकरी टिकव' आणि 'चहा टाक'.

काल माझी बाही रोलरमध्ये जाता जाता राहिली. घाबरू नकोस, हात शाबूत आहे, त्याच हाताने लिहिते आहे. पण मी उभ्या उभ्या डुलकी घेत होते, हे मला बाही ओढली गेल्यावर कळलं. समोरचीने किंचाळून लाल बटण दाबलं म्हणून वाचले.

समोरची कोण, ते सांगते. आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुतलेली ओली चादर दोघी जणी टोकं धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडतात आणि पलीकडे दोघी जणी ती बाहेर येताच टोकं पकडून घडी घालतात. दोघी सोडायला, दोघी धरायला, म्हणून रोलरला चार बाया लागतात. तिघींत तो चालत नाही, चादर तिरकी जाते आणि गुंडाळून बसते. मी सोडते आणि माझ्या अगदी समोर उभी राहून जी धरते, ती समोरची. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. वाफेतून दिवसभर मला तिचंच तोंड दिसतं, तुझ्या दादाचंही इतकं दिसत नाही.

माझी पाळी सात ते तीन, तिची अकरा ते सात. आमच्यात एक जुनी पद्धत आहे, तिला आम्ही 'उभं राहणं' म्हणतो. एखादीला घरची अडचण आली की पाळी संपलेली दुसरी तिच्या जागी उभी राहते. जाणारी हजेरीचं कार्ड पंच न करता जाते, उभी राहिलेली संध्याकाळी ते पंच करते. पुढे कधीतरी तसंच उभं राहून ते तास फेडायचे. बायकांनी बायकांसाठी काढलेली सोय. समोरचीच्या नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालंय. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचं ड्रेसिंग असतं आणि तो एकटा जिना उतरू शकत नाही. त्या दिवशी तीन वाजता मी माझं कार्ड पंच करते आणि रोलरला वळसा घालून तिच्या जागी जाते. याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी पोटुशी असताना माझे पाय सुजायचे, तेव्हा ती माझ्यासाठी उभी राहिली होती.

तक्रार बाकीच्या दिवसांची आहे. डिसेंबरात घडीवरची एक बाई सोडून गेली. मॅनेजरने तिच्या जागी कोणाला घेतलंच नाही. म्हणाला, "तुम्ही एकमेकींसाठी उभ्या राहताच की. तशाच थोडे दिवस कंपनीसाठी उभ्या राहा. तास उसने द्या. काम कमी झालं की लवकर घरी सोडून फेडून टाकीन." तेव्हापासून मी रोजच तीनला कार्ड पंच करते आणि सातपर्यंत उभीच असते. मंगळवारी-शुक्रवारी समोरचीसाठी, बाकी दिवस कंपनीसाठी. त्या दोन दिवशी गेलेल्या बाईच्या जागी दुसरी कोणीतरी अशीच थांबते.

तू झाकणांच्या कारखान्यात पगार काढतेस, तुला यातलं कळतं. कंपनीला दिलेले तास असे फिटतात का? आणि मला द्यायचेच नसतील तर?

तुझी,
वहिनी


१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

'हात शाबूत आहे' हे तू इतक्या सहज लिहिलंस की मला तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

आता नीट ऐक. कंपनी म्हणजे काही तुझी शेजारीण नाही, वाटीभर साखर उसनी मागायला. तासावर काम करणाऱ्या माणसाचे दिवसाचे तास नेमलेले असतात. त्याच्या वर एक मिनिट काम झालं की तो ओव्हरटाइम, आणि आपल्या कायद्यात त्याचा दर दुप्पट आहे. 'मंदीत लवकर सोडीन' हे त्याचं उत्तर होत नाही. मंदीत लवकर सोडलं तर तुझा पगारच कापला जाईल, फिटणार काय? तो तुझेच पैसे तुला सुट्टी म्हणून विकतोय.

तू मान डोलावलीस म्हणून हक्क गेला, असंही होत नाही. आणि 'मी थांबायला सांगितलंच नव्हतं' असं म्हणून त्याला हात वर करता येत नाहीत. काम त्याच्या डोळ्यांसमोर झालं, त्याने होऊ दिलं, माल गाडीत भरला, म्हणजे ते काम त्याचंच. कार्डावर तीन वाजले असले तरी मशिनीपुढे कोण उभं होतं ते मोजतात. हे सगळं मी रोज करते, वहिनी, ऐकीव सांगत नाही.

अर्ज लिही. एक प्रत मॅनेजरला, एक लेबर ऑफिसला. आणि नेमकं लिही. 'बरेच दिवस', 'जवळजवळ रोज' असलं काही नको. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, कोणाच्या जागी, एकही तास सोडू नकोस. गोलमाल अर्ज पहिल्या प्रश्नाला आडवा होतो.

माझं विचारशील तर मला गेल्या वर्षी 'सहायक अधिकारी' केलं. पगार तोच, काम तेच, फक्त अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नसतो म्हणून आठपर्यंत फुकट बसते. हसू नकोस. आधी तुझं निस्तरू.

दादाला सांगत नाही. पण तू बाही वर दुमडून पिन लावत जा.

तुझी,
वन्सं (तुझ्या समाधानासाठी)


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,

दिला अर्ज.

तू सांगितलंस तस्सं लिहिलं. सोमवार, तीन ते सात, गेलेल्या बाईच्या जागी. मंगळवार, तीन ते सात, समोरचीच्या जागी. असं थेट डिसेंबरापासून. कोणता दिवस कोणासाठी हे मला आठवावंही लागलं नाही, कारण मंगळवार-शुक्रवार सोडले तर सगळे कंपनीचेच. दोघी-तिघींना विचारलं की तुम्हीही सही करता का. एक म्हणाली, "आधी तुझं काय होतंय ते बघू." दुसरीला एकदम नळ बंद करायची आठवण झाली.

मॅनेजरने मात्र मला आश्चर्याचा धक्काच दिला. मी समजले होते की कागद तोंडावर फेकेल. त्याने बसायला खुर्ची दिली! अख्खा अर्ज सावकाश वाचला, एका पानावर थांबला, परत वाचला आणि म्हणाला, "बरं झालं सविस्तर लिहिलंत. असं लिहिणारी माणसं कमी." मला 'अहो-जाहो' करत होता. त्या केबिनमधून बाहेर येताना मी चार बोटं उंच झाले होते.

समोरचीला अजून सांगितलेलं नाही. पैसे हातात आले की तिलाच आधी दाखवीन, तिच्या नवऱ्याच्या कुबड्यांचे अजून द्यायचे आहेत. तिचं तोंड बघण्यासारखं होईल.

तुझी,
वहिनी


२४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे.

खुर्ची दिली हे मला आवडलेलं नाही. ज्याला पैसे द्यायचे असतात तो कपाळाला आठ्या घालतो, गोड बोलत नाही. कुठल्या पानावर थांबला? आता त्याने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. अर्ज केला म्हणून तुला काढलं तर तो आणखी एक गुन्हा होईल, तेव्हा त्या भीतीने गप्प बसू नकोस.

समोरचीचे तास अर्जात घातलेस ते उत्तमच केलंस. नेमका कागद कधी खोटा पडत नाही.

तुझी,
वन्सं


६ मार्च

ताईसाहेब,

तुमचा नेमका कागद खोटा पडला नाही. खरा पडला, आणि समोरचीच्या डोक्यावर पडला.

सोमवारी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. तिला खुर्ची दिली नाही. माझा अर्ज वाचून दाखवला. "तुझ्या मैत्रिणीनेच लिहून दिलंय, मंगळवारी आणि शुक्रवारी तू तीननंतर इथे नव्हतीस. कार्ड मात्र सातचं आहे. पगारही सातपर्यंतचा घेतलास. याला काय म्हणतात ते तूच सांग." अर्ज मागे घेतला गेला नाही तर तिला काढणार, आणि न केलेल्या कामाचे पैसे घेतले म्हणून तक्रारही करणार. मी अर्ज मागे घेतला तर झालं गेलं विसरायला तो तयार आहे.

आणि माझ्या बाकीच्या तासांचंही त्याने पाणी करून टाकलं. लेबर ऑफिसला त्याने उत्तर पाठवलंय की या बायकांची ही आपसातली देवघेव आहे, एकमेकींच्या जागी उभ्या राहतात, कंपनीने कधी कोणाला थांबवलं नाही, आणि हे अर्जदार बाईनेच स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. एकवीस तारखेला सुनावणी आहे.

समोरची माझ्याशी बोलत नाही. चादर सोडताना मी वर बघितलं की ती खाली बघते. काल डबा खायला एकटीच जिन्यात जाऊन बसली. तिथे थंडी असते. मी जवळ गेले तर डब्याला झाकण लावून उठली. एवढंच म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा अंथरुणावर, घरात कमावणारी ती एकटी. तिची नोकरी गेली तर ती भाडं कुठून भरणार, हे सांगायला मला पगाराचा हिशेब शिकावा लागत नाही.

तुम्ही नेमकं लिहायला सांगितलंत. तुमच्या टेबलावर तास हा आकडा असेल. इथे त्या तासांत समोरची आहे, तिचा नवरा आहे. हे मला तरी कळायला हवं होतं आणि मला कळलं नाही, म्हणून राग तुमच्यापेक्षा माझाच मला जास्त आला आहे. पण तुमचाही आला आहे.

मी अर्ज मागे घेते आहे.

वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

आठ वर्षांत तू मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालीस. पत्र हातात धरून मी बराच वेळ नुसती बसून होते. इथल्या शिपायाने विचारलं, कोणी गेलं का.

रागाव. पण अर्ज मागे घेऊ नकोस. तो मागे घेतलास तर उद्यापासून ओव्हरटाइम हा शब्द तिथे कोणी काढणार नाही, आणि पुढच्या वेळी बाहीच ओढली जाईल असं नाही. मला तुझ्या हाताची काळजी आहे, तो माझ्या भावाच्या घरातला हात आहे.

आणखी एक लिहिते, ते तुला आवडणार नाही. तुझी समोरची काही दुधखुळी नाही. कार्डावर सात वाजत होते आणि पगार हातात येत होता, हे तिला दिसत होतं. आता मॅनेजरने डोळे वटारल्यावर ती तुझ्याशी अबोला धरते, म्हणजे तिचं आणि त्याचं काही ठरलंय का, ते बघ. तुझ्याकडून अर्ज मागे घेववण्याचं काम त्याने तिच्याकडेच दिलं नसेल कशावरून? ज्याने त्याने आपापलं बघावं. तिला वाचवायला तू स्वतःला बुडवू नकोस.

उत्तर लिही. मला तुझं अक्षर बघू दे.

तुझी,
वन्सं


१५ मार्च

ताई,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची वहिनी मला समोरची म्हणते. मीही तिला समोरचीच म्हणते, आमच्या दोघींचं एकाच नावात भागतं. तुमचा पत्ता तिच्या पिशवीतल्या पाकिटावरून उतरून घेतला. पाकीट उघडलेलं नाही, देवाशपथ.

काल कपडे बदलायच्या खोलीत तिने मला गाठलं. म्हणाली, "मी एकवीस तारखेला अर्ज मागे घेणार, तसं लिहून ठेवलंय. आता तरी बोल माझ्याशी." मी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि मग तिने तिथेच तो कागद मॅनेजरला नेऊन दिला असता. मी तिच्यावर रागावले होते हे खरं आहे. मला न विचारता तिने माझं नाव घातलं. पण घरी नवरा म्हणाला, "ती तीन महिने तुझ्या जागी उभी राहिली म्हणून मी आज पाय टेकतोय. तिची बाही ओढली गेली तेव्हा ती कोणासाठी उभी राहून थकली होती?"

मला तुम्हाला एक विचारायचं आहे. मी स्वतःच तिथे जाऊन सांगितलं की त्या दिवशी मी नव्हते, ती होती, तर माझं काय होईल? मॅनेजरला सगळं माहीत होतं. पहिल्या मंगळवारी मी त्याला विचारूनच निघाले. त्यानेच माझ्या हातातून कार्ड घेतलं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सातला पंच करायला विसरू नको, नाहीतर हिशेब बिघडतो." हे फक्त आम्हा तिघांना माहीत आहे. तिने अर्जात हे का लिहिलं नाही कोण जाणे. तिला वाटलं असेल, त्यात काय सांगायचं.

खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. आणि तिला कळवू नका, ती मला जाऊ द्यायची नाही.

आपली,
समोरची


१७ मार्च

समोरचीताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि माझी मान खाली गेली. मी तुमच्याबद्दल भलतंच समजून बसले होते आणि ते वहिनीला लिहूनही टाकलं. कार्डं मी रोज हाताळते, पण एका हातातून दुसऱ्या हातात ती कोण देतं, हे विचारायला मला सुचलं नाही.

तुम्ही खरं विचारलंत, म्हणून खरं लिहिते. ज्या तासांना तुम्ही नव्हतात त्यांचा पगार बहुधा परत द्यावा लागेल. तुमची नोकरी राहीलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मॅनेजरने स्वतः कार्ड दिलं असेल तर फसवलं म्हणून तुम्हाला काढणं त्याला जड जाईल, कारण ज्याला माहीत होतं तो फसला कसा? पण तो कानावर हात ठेवेल. तुमच्या शब्दापुढे त्याचा शब्द असेल आणि तो चांगले कपडे घालून येईल.

वहिनीचे बाकीचे तास मात्र तुमच्या बोलण्यावर उभे आहेत. उसनवारी कोणती आणि कंपनीने घेतलेलं काम कोणतं, हे वेगळं करून सांगणारं तिथे दुसरं कोणी नाही.

विचारतील त्याचं उत्तर द्या, जास्त काही सांगू नका, आणि जे झालं तेच सांगा. आणि तुम्ही गेला नाहीत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी इथे खुर्चीत बसले आहे, तिथे उभं तुम्हाला राहायचंय. वहिनीला कळवणार नाही.

आपली,
झाकणांच्या कारखान्यातली ताई


३ एप्रिल

प्रिय वन्संबाई,

परत आले बाई तुझ्या नावावर. बाकी भांडण भेटल्यावर करू.

एकवीस तारखेला मी अर्ज मागे घ्यायचा कागद पिशवीत घालून गेले होते. लेबर ऑफिसची खोली लहान आहे, बाकावर बसलं की समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. समोर मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट. मला बघून हसला, पेन काढून माझ्यापुढे धरलं. ऑफिसर बाई वयस्कर, सर्दी झालेली. त्यांनी विचारलं, "मागे घेताय असं कळलं?" मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात दार उघडलं आणि समोरची आत आली, कामाचे कपडे, केसांना अजून फडकं बांधलेलं. रोलर सोडून आली होती.

मी उठले, तिचा दंड धरला, म्हटलं, "तू जा इथून, मी सगळं मिटवतेय." तिने माझा हात सोडवला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. काय म्हणाली माहितीये? "बस खाली."

मग तिने सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी तीननंतर मी नव्हते, ही होती. त्या तासांचा पगार मी घेतलाय, तो परत देईन. बाकीचे चारही दिवस ही उभी राहिली ते माझ्यासाठी नाही आणि कोणा बाईसाठी नाही, जी बाई नोकरीच सोडून गेली तिच्या जागेवर. गेलेली बाई उसने तास कसे मागेल?

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हिने आत्ता कबूल केलं की ही फसवत होती. आम्हाला याची कल्पनाच नव्हती. आम्ही विश्वासावर चालतो."

"कार्ड तुम्हीच माझ्या हातातून घेऊन हिला दिलंत," समोरची म्हणाली.

"साफ खोटं."

झालं, मला वाटलं, संपलं. तिची नोकरी गेली आणि माझेही तास गेले. ऑफिसर बाई नाक पुसत होत्या. आणि समोरची एकदम म्हणाली, "मॅडम, यांना विचारा, रोलरला बाया किती लागतात?"

ऑफिसर बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "चार."

"तिघींत चालतो का?"

"नाही चालत. चादर गुंडाळते."

"संध्याकाळी तुम्ही कुठे असता?"

आता मॅनेजरला आपलं कामसू रूप दाखवायची संधी दिसली. "रोज शेडमध्येच असतो मॅडम. हॉस्पिटलची गाडी येते, मी स्वतः रोलरपाशी उभा राहून ट्रॉल्या मोजून घेतो. एकही दिवस चुकवलेला नाही."

ऑफिसर बाईंनी रुमाल खाली ठेवला. म्हणाल्या, "बाकी दिवस एक बाई सोडून गेलेली. मंगळवारी-शुक्रवारी ही घरी गेलेली. रोलर तर चालू होता, चादरी गाडीत भरल्या. मग तुम्ही तिथे उभे असताना चादरीचं चौथं टोक कोणाच्या हातात होतं?"

वन्सं, तो अडकला. 'मला दिसलं नाही' म्हणावं, तर रोज उभा असतो असं आत्ताच सांगून बसलेला. 'ही होती' म्हणावं, तर मग त्याला माहीत होतं. त्याने पेन उघडलं, बंद केलं, खिशाला लावलं. मी पिशवीतला हात रिकामाच बाहेर काढला.

लेखी निकाल आठवड्याने आला. माझे सगळे जादा तास कंपनीने दुप्पट दराने द्यायचे, समोरचीच्या जागचेसुद्धा, कारण कंपनीच्या डोळ्यांदेखत झालेलं काम कंपनीचंच. समोरचीने तिचे पैसे हप्त्याने परत करायचे. कार्ड कंपनीने दिलं ही बाब नाकारता आली नाही, तेव्हा तिला काढता येणार नाही. त्या दोघी-तिघी, ज्यांना नळ आठवला होता, त्यांनी परवा माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला. तुझी आता खैर नाही.

पण मॅनेजरने लगेच पाटी लावली. यापुढे कोणीही कोणाच्या जागी उभं राहायचं नाही, राहिल्यास दोघींना काढण्यात येईल. ती वाचून माझा आनंद तिथल्या तिथे विरला. कंपनीची उसनवारी बंद झाली खरी, पण बायकांची सोयही गेली. आणि समोरचीच्या नवऱ्याचं ड्रेसिंग तर संपलेलं नाही. मी तिला म्हटलं, पैसे मला मिळाले आणि अडचण तुला. ती म्हणाली, "गप चादर सोड."

काल मंगळवार होता. गेलेल्या बाईच्या जागी आता नवी बाई आली आहे, पण तीन वाजता समोरची जाणार म्हणजे चौथी कोण? तीनला दहा मिनिटं होती तेव्हा ती घड्याळाकडे बघायला लागली. हॉस्पिटलची गाडी गेटवर येऊन उभी होती आणि ओल्या चादरींच्या ट्रॉल्या अजून भरलेल्याच होत्या. मॅनेजर पाटीखाली हाताची घडी घालून उभा होता. तीन वाजले. माझ्या जागी दुसऱ्या पाळीची बाई आली. मी हात पुसले आणि मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले.

"हिला घरी जायचंय," मी म्हटलं. "ती तिचं कार्ड आत्ता पंच करून जाईल, पुढच्या तासांचे पैसे तिला नकोत. मी थांबते. तिच्या जागी नाही, माझ्या नावावर. माझ्या कार्डावर सातपर्यंत, आणि तीनपासून पुढे दुप्पट."

तो पाटीकडे बघायला लागला. त्याने स्वतःच लिहिलेली, तरी परत वाचली. बाहेरून गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. रोलर तापून तयार होता आणि तिघी जणी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"थांबा," तो म्हणाला.

"तसं कार्डावर लिहून द्या," मी म्हटलं. त्याने खिशातून पेन काढलं, तेच, आणि माझ्या कार्डावर लिहून सही केली. समोरचीने आपलं कार्ड आपल्या हाताने पंच केलं, तीन वाजून चार मिनिटं. जाताना माझ्या दुमडलेल्या बाहीची पिन नीट लावून गेली. मी रोलरला वळसा घालून पलीकडे गेले आणि चादर धरली.

तुझ्या दादाला सगळं सांगितलं. उठून त्याने चहा टाकला. साखर विसरला, पण टाकला.

आता तू आठपर्यंत फुकट बसतेस त्याचं काय ते बघ. अर्ज नेमकाच लिही. फक्त त्यात कोणाचं नाव घालण्याआधी तिला विचार.

तुझी,
वहिनी